सावलीवरचे विकास शुल्क

पिंपळवन नावाच्या जंगलात सोंडेशेठ नावाच्या हत्तीने सात मजल्यांचा हत्तीखाना बांधला. त्याचे परवानगी शुल्क आणि विकास शुल्क मिळून एक ओंजळ ज्वारी झाले. त्याच पंधरवड्यात त्याच जंगलाच्या दुसऱ्या टोकाला तंतूराव नावाच्या सुगरण पक्ष्याने बाभळीच्या फांदीला एक घरटे टांगायला घेतले. त्याचे शुल्क तीन पोती ज्वारी झाले. दोघांना लावलेला दर एकच होता.

पिंपळवनाचा राजा सिंह होता, असे सर्व फलकांवर लिहिलेले होते. त्याला प्रत्यक्ष पाहिलेले कोणी हयात नव्हते. परंतु फलक वेळच्या वेळी रंगवले जात असल्यामुळे त्याची उणीव भासत नसे. रोजचा कारभार नगरपालिका पाहत असे. शिंगाजीराव नावाचा रानगवा तिचा नगराध्यक्ष होता. तो प्रत्येक निवडणूक एकाच आश्वासनावर जिंकत आला होता: बाभूळवाडीला रस्ता. बाभूळवाडी म्हणजे पाणथळीपलीकडची वस्ती. ती नगरपालिकेच्या कार्यालयापासून सरळ रेषेत फार दूर नव्हती, पण सरळ रेषेत चिखल होता, त्यामुळे पायी जाणाऱ्याला सगळ्या पाणथळीला वळसा घालावा लागे.

बांधकामाचा कायदा मूळ विचारी प्राण्यांनी केलेला होता. जो उंच बांधतो तो दुसऱ्याचे ऊन अडवतो. म्हणून त्याने अडवलेल्या उन्हाची भरपाई द्यावी, हे त्यामागचे तत्त्व. बांधकामाच्या पायापासून त्याच्या सावलीच्या टोकापर्यंत जेवढे हात अंतर भरेल, तेवढे शुल्क. घरटे लोंबते असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्याचा पाया झाडाच्या बुंध्याशी धरला जाई. शुल्काचा अर्धा भाग परवानगीच्या कागदासाठी आणि अर्धा विकासासाठी. विकासाचा भाग 'फक्त रस्त्यांवर' खर्च करायचा, असे कायद्यात स्पष्ट लिहिले होते. ज्याची सावली पडत नाही त्याला शुल्क नव्हते, आणि ज्याने शुल्क भरलेले नाही त्याला परवानगी नव्हती. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, त्यामुळे ती पिढ्यानपिढ्या अनधिकृत होती.

दर ठरवण्याची रीतही पक्की होती. दरवर्षी पिंपळवनाचे अभ्यास पथक शेजारच्या सागवनात जाई, तेथील दर पाही आणि त्यात एक दशांश वाढवून तो लागू करी, कारण आपण सागवनापेक्षा प्रगत आहोत यावर सभागृहात एकमत होते. पुढच्या महिन्यात सागवनाचे पथक पिंपळवनात येई आणि तेही तसेच करी. या पद्धतीला दोन्ही जंगलांत 'बाजारभाव' म्हणत. दौऱ्याचा खर्च विकास शुल्कातून भागवला जाई. दौरा रस्त्याने होत असल्यामुळे त्यावर लेखापरीक्षणात आक्षेप आला नाही.

आता तंतूरावाविषयी. सुगरण जातीत घरटे नर विणतो; या जातीला हे स्त्रीलिंगी नाव ज्याने दिले त्याने निरीक्षण केलेले नव्हते. नर घरटे अर्ध्यावर, शिरस्त्राणाच्या आकाराचे झाले की थांबतो. मग मादी येते, फांदीवर बसते, गाठी ओढून पाहते. तिला पटले तर नर उरलेले काम पुरे करतो. नाही पटले तर ती पुढच्या झाडावर जाते, आणि तो नव्याने पाती कातरू लागतो. तंतूरावाची आधीची दोन घरटी अशीच अर्ध्यावर राहिली होती. तिसरे पाहायला गोदूताई आली.

तिने तीन गाठी ओढल्या, छतावर चोच आपटून पाहिली, आत डोके घालून बराच वेळ बाहेर काढले नाही.

"गाठी घट्ट आहेत," ती शेवटी म्हणाली. "तोंड वाऱ्याला पाठमोरं आहे. अक्कल आहे तुम्हाला."

तंतूरावाने छाती फुगवली.

"परवानगी?"

"अर्ज दिलाय."

"अर्जात अंडी घालता येत नाहीत, तंतूराव."

"येईल हो चार दिवसांत. ऊन पडलं की मोजणी आहे."

"पलीकडे शिंदीवर हणमंतरावांचं घरटं आहे. गाठी ढिल्या आहेत, पण त्यांच्या वडिलांच्या वेळची परवानगी आहे."

"ढिल्या गाठींत पिलं वाढवणार तुम्ही?"

"वानरांचं पथक येतं ना, ते गाठी बघत नाही. कागद बघतं. नसला तर फांदीसकट नेतं." ती फांदीच्या टोकाकडे सरकली. "मला घरटं हेच आवडलंय. पण अंडी माझ्या पोटात आहेत, नगरपालिकेच्या नाहीत. ती थांबणार नाहीत. लवकर काय ते बघा."

मोजणीला कूर्मे आले. कूर्मे हे नगरपालिकेचे मोजणी अधिकारी, जातीने कासव. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल पिंपळवनात दुमत नव्हते. त्यांनी आयुष्यात कोणाकडून मुळ्याचे पानही घेतलेले नव्हते. त्यांची दोरी वर्षातून एकदा भिजवून, वाळवून, पुन्हा तपासली जाई. कार्यालय ऊन चांगले चढल्यावर उघडे. कूर्मे हजेरी लावत, दोरी पाठीवर घेत आणि लगेच निघत. पाणथळीला वळसा घालून ते बाभूळवाडीत पोहोचले तेव्हा सूर्य समोरच्या टेकडीला टेकायला आला होता.

त्यांनी बुंध्याशी खुंटी ठोकली आणि सावलीच्या कडेने चालू लागले. सावली चिंचेखालून गेली, सशांच्या बिळांवरून गेली, ओढा ओलांडून पलीकडच्या काठावर संपली. कूर्मे ओढ्यात उतरून पलीकडे गेले. सूर्य अगदी क्षितिजावर असता तर सावलीचे टोक सापडलेच नसते. कूर्मे थोडे आधी पोहोचले ही त्यांची दया नव्हती, त्यांचा वेग होता.

"तीन पोती," परत येऊन ते म्हणाले.

"साहेब, घरटं माझ्या दोन वितींचं आहे!"

"घरटे मोजायचा अधिकार मला नाही. मी सावली मोजतो."

"दोरीत काही चूक..."

"तुम्ही मोजून पाहा. हरकत नाही."

तंतूरावाने दोरीच्या एका टोकाला चोच लावून मोजले. माप बरोबर होते. वस्तीतले पोपट, ससे, घुशी गोळा झाल्या होत्या. त्यांच्यापैकी कोणालाही यात नवल वाटले नाही. त्यांनीही आपापल्या घरांसाठी, अगदी बिळांच्या तोंडावरच्या मातीच्या ढिगांसाठीसुद्धा, पोतीच भरली होती.

"विकास शुल्क आहे ना ते," एक म्हातारा पोपट समजावणीच्या सुरात म्हणाला. "आपल्याच रस्त्यासाठी जातं."

"किती वर्षं जातंय?"

"माझे आजोबा भरायचे."

दुसऱ्या दिवशी तंतूराव उडत कार्यालयात गेला. उडणाऱ्याला वळसा लागत नाही, म्हणून तो दुपार टळायच्या आत पोहोचला. पण नगराध्यक्षांच्या दारात त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवण्यात आले. शिंगाजीराव प्रशस्त मनाचे होते. समोर एकच श्रोता असला तरी ते त्याला जमाव समजून बोलत.

"माझ्या बाभूळवाडीच्या बंधू-भगिनींनो!" ते म्हणाले. "पिंपळवनात हत्ती आणि सुगरण यांत भेद केला जात नाही. आमचे ब्रीद आहे: एकच दर, एकच दोरी, एकच कूर्मे! बोला, एकच दर..."

"एकच दोरी," तंतूराव सवयीने म्हणाला. "पण साहेब, सोंडेशेठना ओंजळ आणि मला पोती, हे कसं?"

"पाहा! याला म्हणतात पारदर्शकता. दुसऱ्याने किती भरलं हे तुम्हाला कळलं. पूर्वी हे कळत नसे."

"कळलं, पण..."

"रस्ता देणारच!" शिंगाजीराव म्हणाले आणि पुढच्या भेटीसाठी उठले.

तंतूराव बाहेर पडला. कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर सोंडेशेठचा हत्तीखाना उभा होता. दिवस मावळत आला होता. हत्तीखान्याची सावली रस्ता ओलांडून, सगळी बाजारपेठ झाकून, पलीकडे भाजीवाल्या खारींच्या पथाऱ्यांवर पडली होती. खारी सावलीतल्या थंडीने अंग फुगवून बसल्या होत्या. तंतूराव सावलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उडाला. वाटेत त्याला दोनदा विसावा घ्यावा लागला.

कार्यालयाच्या पायरीवर कूर्मे दोरी गुंडाळत होते.

"साहेब, ही किती हात भरेल?"

"मोजणीच्या दिवशी एक वीत भरली."

"वीत? ही?"

"तेव्हा ती भिंतीच्या पायाशी होती. डोक्यावर ऊन होते. मी कार्यालयातून निघालो आणि तेथे पोहोचलो, तोवर माध्यान्ह झाली होती."

"आणि आत्ता?"

"आत्ता मोजणीचा दिवस नाही."

तंतूरावाच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींशेजारी येऊन बसल्या: कूर्मे सगळीकडे एकाच वेळी निघतात, आणि सगळीकडे एकाच वेळी पोहोचत नाहीत. दर एक, दोरी एक, अधिकारी एक; सूर्य मात्र एका जागी थांबत नव्हता. जो कार्यालयाला जवळ त्याची सावली आखूड, जो दूर त्याची लांब. पिंपळवनात शुल्क उंचीवर नव्हते, ते वाटेच्या लांबीवर होते.

"साहेब, तुम्ही सकाळी लवकर निघालात तर?"

"हजेरीच्या आधी निघालो तर मी अधिकारी नसतो. नुसते कासव असतो."

"आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्काम करा. दुपारी मोजा."

"मुक्काम भत्ता हद्दीबाहेरच मिळतो. हद्दीत मुक्काम केला तर गैरहजेरी लागते."

"मग आमच्या म्हशी तुम्हाला पाठीवर घेऊन येतील. घटकाभरात."

कूर्मे यांनी मान कवचात घेतली. ती बाहेर आली तेव्हा आवाज दुखावलेला होता. "तंतूराव, अर्जदाराच्या पाठीवर बसलेल्या अधिकाऱ्याला लोक काय म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मी माझ्या पायांनी येईन. रस्ता असेल तसा येईन."

रस्ता असेल तसा. हे शब्द घेऊन तंतूराव बाभूळवाडीला परतला.

त्या रात्री वस्तीत सभा वगैरे झाली नाही. सकाळी झाली, कारण सशांना रात्री चरायचे होते. तंतूरावाने सगळे समजावून सांगितले. म्हाताऱ्या पोपटाला ते पटायला वेळ लागला, कारण त्यात कोणी चोर नव्हता.

"म्हणजे कूर्मे खातात?"

"नाही हो आजोबा."

"मग शिंगाजीराव?"

"ते खात असतील, पण या हिशोबात त्यांची गरज नाही."

"मग करायचं काय?"

"पाणथळीतून सरळ वाट काढायची. कूर्मे माध्यान्हीला इथे पोहोचले पाहिजेत."

"पण रस्त्याचे पैसे आपण भरलेत ना!" एक घूस चिडून म्हणाली. "पुन्हा आपणच बांधायचा?"

"पैसे भरलेत म्हणून रस्ता होईल असं वाटतंय तुम्हाला," गोदूताई वरच्या फांदीवरून म्हणाली, "तर बसा वाट बघत. मी हणमंतरावांकडे जाते."

ती गेली नाही. पण त्या वाक्यासरशी तंतूरावाने पहिली काडी उचलली.

पाणथळीत लोळणाऱ्या दोन म्हशींनी दगड लोटत आणले. घुशींनी दोन्ही बाजूंनी चर खणून पाणी वळवले. सशांनी माती तुडवली. पोपटांनी काटे वेचले आणि बाकीच्यांना सूचना दिल्या. श्रावणाचे ऊन-पाऊस चालले होते. रात्री वाहून गेलेले दिवसा पुन्हा भरावे लागे. तरी वाट झाली. ती सुंदर नव्हती. तिच्यावरून एक कासव न बुडता चालू शकत होते, एवढाच तिच्यापासून अपेक्षित उपयोग होता.

पुढच्या उघडिपीच्या दिवशी तंतूरावाने फेरमोजणीचा अर्ज दिला. कूर्मे हजेरी लावून निघाले, पाणथळीशी आले, थबकले. त्यांनी पुढचा उजवा पाय वाटेवर ठेवून पाहिला. वाट टिकली. कूर्मे सरळ रेषेत चालत बाभूळवाडीत आले, तेव्हा बाभळीची सावली बाभळीखाली बसली होती.

त्यांनी खुंटी ठोकली, दोरी ताणली. ताणायला फारसे काही नव्हते.

"अर्धी ओंजळ," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. कासवांच्या चेहऱ्यावर सहसा दिसत नाही. परवानगीचा कागद त्यांनी तेथेच दिला.

तंतूरावाने त्याच दिवशी घरट्याची नळी विणायला घेतली. गोदूताईने आत चिखलाचे चार गोळे लिंपले आणि थोड्याच दिवसांत पांढरी अंडी घातली. बाभूळवाडीतल्या बाकीच्यांनीही अर्ज केले. ज्यांनी वर्षानुवर्षे भीतीने बांधले नव्हते, त्यांनी बांधायला काढले. खारींनी ढोल्यांना सज्जे काढले. म्हशींनी गोठ्याचा विचार सुरू केला. कूर्मे रोज माध्यान्हीला येत आणि ओंजळी नोंदवून जात.

नगरपालिकेच्या विकास कोठाराची भिंत आतून दिसू लागली, तेव्हा तातडीची सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली. कोषाध्यक्ष काटकर हे साळिंदर होते. ते रागावले नव्हते. त्यांचे काटे जन्मतःच उभे असत.

"सभागृहास कळवतो," काटकर म्हणाले, "की बाभूळवाडीचे उत्पन्न पोत्यांवरून ओंजळींवर आले आहे. अभ्यास दौरा, फलकांचे रंगकाम, सदस्यांचा बैठक चारा आणि रस्त्याच्या आराखड्याचे सल्लाशुल्क, हे सगळे बाभूळवाडीच्या विकास शुल्कातून चालते. या बैठकीचा चारा शेवटचा आहे."

सभागृहातला चघळण्याचा आवाज प्रथमच थांबला.

"दर वाढवा," कोणीतरी म्हणाले.

निमंत्रितांच्या जागी बसलेल्या सोंडेशेठने कान हलवले. "दर सगळ्यांना एकच असतो ना?" त्यांनी सौम्यपणे विचारले. "माझा पुढचा टप्पा मंजुरीला आहे. म्हणून आपलं विचारलं."

दर वाढवण्याची सूचना मागे घेण्यात आली.

"मग सगळ्यांची मोजणी संध्याकाळी करा," दुसरे कोणी म्हणाले. सोंडेशेठने सोंड वर केली. ती सूचना मांडलीच गेली नव्हती असे ठरले.

"कूर्मे यांना हळू चालण्याचे आदेश देता येतील का?" शिंगाजीरावांनी विचारले.

कूर्मे उभे राहिले. ते उभे राहिले आहेत हे थोड्या वेळाने लक्षात आले. "साहेब, यापेक्षा हळू चाललो तर ते थांबणे होईल. थांबण्याची तरतूद सेवानियमांत नाही."

तेव्हा तरसे नावाचे नगरसेवक बोलले. ते तरस होते आणि बोलण्याआधी हसत. "मी एवढंच विचारतो," ते म्हणाले, "त्या रस्त्याला परवानगी होती का?"

नव्हती. सभागृहात हालचाल झाली. चघळणे पुन्हा सुरू झाले.

बाभूळवाडीकरांवर अन्याय होऊ नये, म्हणून रस्ता नियमित करता येईल का, याचाही विचार झाला. नियमित करण्यासाठी शुल्क हवे. शुल्कासाठी सावली हवी. रस्ता जमिनीला समतल होता. त्याची सावली पडत नव्हती, तेव्हा त्याला शुल्क आकारता येत नव्हते, तेव्हा त्याला परवानगी देता येत नव्हती. सभागृहाने याबद्दल खेद व्यक्त केला आणि ठराव एकमताने मंजूर केला: अनधिकृत रस्ता उकरावा, उकरण्याचा खर्च बाभूळवाडीकडून विकास शुल्क म्हणून वसूल करावा, आणि ज्या मोजण्या अधिकाऱ्याने अनधिकृत रस्त्याने जाऊन केल्या त्या अनधिकृत समजून पुन्हा कराव्यात.

"अनधिकृत विकास खपवून घेणार नाही!" अशी घोषणा देत वानरांचे पथक निघाले. त्यांनी उकरण्याचे काम वेळेत आणि सुबकपणे केले. पिंपळवनातील रस्त्याचे ते पहिलेच काम होते जे वेळेत पूर्ण झाले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी नव्या, अधिकृत रस्त्याचे भूमिपूजन झाले. काटकसर म्हणून कोनशिलेसाठी म्हशींनी आणलेल्या दगडांतलाच एक दगड घेण्यात आला. शिंगाजीरावांनी भाषण केले. "हा रस्ता नाही," ते म्हणाले, "ही बाभूळवाडीची भाग्यरेषा आहे!" टाळ्या वाजवण्यासाठी बाभूळवाडीकरांना बोलावले होते. ते वळसा घालून आले, म्हणून टाळ्यांना उशीर झाला.

फेरमोजणीचा पहिला क्रमांक तंतूरावाचा लागला. उघडीप होती. कूर्मे हजेरी लावून निघाले आणि सूर्य टेकडीला टेकत असताना बाभळीखाली आले. वानरांचे पथकही आलेले होते. ते झाडांवरून आले असल्यामुळे त्यांना रस्ता लागत नव्हता. ते दुपारपासूनच येऊन थांबले होते आणि एकमेकांच्या अंगातल्या उवा काढत होते.

"साहेब," तंतूराव म्हणाला, "तेच झाड आहे. तेच घरटं आहे."

"होय. दोरीही तीच आहे."

"मागच्या वेळी अर्धी ओंजळ म्हणालात."

"मागच्या वेळी बरोबर म्हणालो होतो," कूर्मे म्हणाले. "आजही बरोबरच म्हणेन." ते सावलीच्या कडेने चालू लागले. ओढ्यात उतरताना त्यांनी एकदा मागे वळून घरट्याकडे पाहिले. मग पलीकडे गेले. तीन पोती भरली.

वानरांचा म्होरक्या फांदीला हात लावून उभा राहिला. "काय करायचं, काका?" त्याने तंतूरावाला विचारले. "भरताय की काढू?"

घरट्याच्या नळीतून गोदूताईचे डोके बाहेर आले. पोटाखालची अंडी सोडून ती पुरती बाहेर आली नाही.

"हात काढ रे," ती वानराला म्हणाली. "फांदी हलतेय. चार दिवस उरलेत फुटायला."

"कागद रद्द झालाय, ताई."

"तुम्ही म्हणालात तसं हणमंतरावांकडे गेला असतात तर..." तंतूराव पुटपुटला.

"गेले नाही ना. मग आता ते कशाला काढता?" ती म्हणाली. "भरा तीन पोती. गाठी घट्ट आहेत म्हणून आले मी इथे, शुल्क कमी आहे म्हणून नाही."

तीन पोती एका सुगरण पक्ष्याकडे असत नाहीत. म्हाताऱ्या पोपटाने वर्गणी फिरवली, सशांनी गवताचे बी दिले, घुशींनी साठवणीतले काढले. उरलेल्याचे हप्ते बांधून घेतले. पिलांना सुदैवाने किडे चालतात, आणि किड्यांवर अजून शुल्क नाही. अंडी ठरल्या दिवशी फुटली.

पहिला हप्ता भरायला तंतूराव कोठारावर गेला. काटकर स्वतः खिडकीशी बसले होते. मागे कोठाराची भिंत पुन्हा पोत्यांनी झाकली जाऊ लागली होती. काटकरांची मनःस्थिती चांगली होती.

"एक विचारू का, साहेब?"

"विचारा की, तंतूराव. नागरिकांनी विचारलं पाहिजे."

"आम्ही रस्त्यासाठी भरतो. पिढ्यान्‌पिढ्या भरतो. रस्ता आम्ही फुकट बांधून दिला. तो तुम्ही उकरलात. तुम्हाला नेमका रस्ता हवाय की नकोय?"

काटकरांनी पेन खाली ठेवले. त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. एखाद्या मंदगती विद्यार्थ्याला त्रैराशिक समजावून सांगावे तसे ते बोलू लागले.

"हे पाहा. रस्ता नसला की कूर्मे उशिरा पोहोचतात. उशिरा पोहोचले की सावली लांब भरते. लांब भरली की शुल्क जमा होतं. शुल्क जमा झालं की रस्त्याची तरतूद होते. इथवर कळलं?"

"कळलं."

"आता रस्ता झाला असं धरा. कूर्मे दुपारी पोहोचले. सावली गेली. शुल्क गेलं. रस्त्याची तरतूद गेली. म्हणजे रस्ता झाला की रस्त्यासाठी पैसा उरत नाही." त्यांनी समाधानाने खिडकीच्या फळीवर पंजा ठेवला. "तुमच्या रस्त्याची काळजी तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त आहे, तंतूराव. तुम्हाला रस्ता हवा आहे ना? मग तो होऊ देऊ नका."

तंतूरावाने पावती घेतली आणि तो उडून गेला. पिंपळवनात यंदाही निवडणूक आहे, शिंगाजीराव उभे आहेत, आणि मुद्दा बाभूळवाडीच्या रस्त्याचा आहे. हत्तीखान्याला ओंजळ आणि घरट्याला पोती का, याचे कारण कोणाची लबाडी नाही, दराची चूक नाही, दोरीचीही नाही. कारण एवढेच, की पिंपळवनात विकास शुल्क ज्या गोष्टीसाठी घेतात, तिच्या नसण्यावरच ते आकारले जाते.